सहा हिश्श्यांची कादंबरी

पान १ ते ६०

वाचनालयाची खोली ग्रामपंचायतीची. तिच्यात आम्ही सहा जण वर्षभर दर रविवारी बसलो, चहा प्यालो आणि एकही पुस्तक पुरं केलं नाही. सरपंच गोरखभाऊंना हे माहीत होतं, कारण चहा त्यांच्या पुतण्याच्या टपरीवरून यायचा.

"पोरांना जिम पायजे," ते प्रज्ञाला म्हणाले. प्रज्ञा पोस्टात असते; वाचक मंडळ तिनेच काढलेलं. "सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत एक पुरं केलेलं पुस्तक दाखवा. न्हाईतर खोली मोकळी करा."

पातळसं काहीतरी वाचून विषय मिटला असता. पण प्रज्ञाचं म्हणणं, आज पातळ दाखवलं तर उद्या जाड मागतील. तिने मंचरच्या रद्दीवाल्याकडून एक विज्ञान कादंबरी आणली. परदेशी, साठ वर्षांपूर्वीची, मराठीत आणलेली. मुखपृष्ठ नव्हतं. प्रस्तावनेत 'अभिजात' हा शब्द अकरा वेळा होता. तीनशे साठ पानं, एकच प्रत, सहा आठवडे.

रवींद्रकाका म्हणाले, "वाटणी करू."

काका खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर तीस वर्षं मेकॅनिक होते. भावांशी त्यांची वाटणी दोनदा झाली आहे, त्यामुळे या कामात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी सुरीने शिवण उसवली, साठ-साठ पानांचे सहा हिस्से केले, चिठ्ठ्या टाकल्या. आणि लगेच आम्ही सगळे एकमेकांच्या

पान ६१ ते १२०

हिश्श्याकडे बघू लागलो. स्वप्नाला सुरुवात मिळाली, म्हणजे यानातलं बंड. साळुबाईंना लग्न. मला नकाशे. भरतला, जो ट्रॅक्टर चालवतो, नुसता बर्फ.

"ह्यांना बागायत आन् मला खडक?"

"चिठ्ठी तूच उचललीस की."

"खडकाला वाट तरी पायजे ना. माझं पहिलंच वाक्य अर्धं हाय. सुरुवात तुमच्याकडं," तो मला म्हणाला.

काकांनी निवाडा दिला, "बुंधा ज्याच्या हद्दीत, झाड त्याचं." वाक्य माझं झालं. भरतला सावली मिळाली, आणि ती त्याला इतकी मानवली की त्याने पानं ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवली ती ठेवलीच. आम्हाला पत्ता नव्हता. रविवारच्या बैठका बंदच होत्या. ज्याने त्याने आपल्या तुकड्यात कष्टावं, दुसऱ्याच्या तुकड्यात डोकावू नये. अशा रीतीने आमचं सामूहिक वाचन

पान १२१ ते १८०

ग्रामसभेपर्यंत पोचलं. झेंडावंदन झालं, शाळेच्या पटांगणात एकशे बारा माणसं बसली. सभेला शंभर लागतात, म्हणजे बारा जास्तच.

"पुरं केलं?" गोरखभाऊंनी विचारलं.

"केलं," प्रज्ञा म्हणाली.

"मंग ष्टोरी सांगा."

आम्ही हिश्श्यांच्या क्रमाने उभे राहिलो. स्वप्नाने बंड सांगितलं. मागची माणसं पुढे सरकली. साळुबाईंनी लग्न सांगितलं, त्यात मानपान थोडा पदरचा घातला. मी नकाशे दोन मिनिटांत उरकले. भरत उठला.

"मग ते बर्फात गेले. लई बर्फ व्हता. त्यात कॅप्टन मेला." बसला.

काका उठले. "मग कॅप्टन एका पायावर, काठी टेकत..." आणि थांबले.

बायकांमधून ठमाबाई बोलल्या. दर सभेत पाण्यावरून भांडतात त्या. "आरं, मेला व्हता ना?"

हशा पिकला. प्रज्ञा घाईने म्हणाली, "विज्ञान कादंबरी आहे, आजी. मेलेला उठतो."

"उठू दे की. पाय कुठं ठिवून आला? काठी कशाला?"

काकांनी भरतकडे पाहिलं. भरतने झेंड्याकडे. शेवटी म्हणाला, "वाचलंच न्हाई, आजी. सीटखाली हाय."

"म्हंजे अपुरं!" गोरखभाऊ खुलले. "ग्रामसेवक, लिहा..."

"काय लिव्हू नका," ठमाबाई म्हणाल्या. "आधी पाय. आण रं पानं!"

"आण, आण," सगळं पटांगण ओरडलं. गोरखभाऊंची निवडणूक जवळ आलेली. त्यांनी हात हलवला, भरत ट्रॅक्टरकडे पळाला आणि प्रज्ञाने

पान १८१ ते २४०

वाचायला घेतलं. बर्फ. बर्फाखालचा बर्फ. बर्फाबद्दल त्या ग्रहावरच्या तीन पंथांचे मतभेद. १८८ व्या पानाला जिमवाली पोरं उठली. १९६ ला ज्यांची ऊसतोड चालू होती ते. २०३ ला कुणाची तरी म्हैस सुटल्याचा निरोप आला आणि एका म्हशीमागे चौदा माणसं गेली. प्रज्ञा मान वर न करता वाचत होती; खोली हातची जात असताना तिला एवढंच करता येत होतं. २१७ व्या पानावर आलं: 'तेराव्या दिवशी पाय काढावा लागला, आणि बर्फावर आता निळसर झाक दिसू लागली होती.'

"यवढंच?" ठमाबाई म्हणाल्या. "यवढ्या बर्फात यवढुसा पाय?" त्या पदर झटकून निघाल्या. त्यांच्यामागे

पान २४१ ते ३००

बाकीच्या बायकाही.

"चला, जिमचा ठराव," गोरखभाऊ म्हणाले. "हात वर करा."

ग्रामसेवकाने डोकी मोजली. एकोणीस. पुन्हा मोजली. "गणपूर्ती न्हाई, भाऊ. सभा तहकूब करावी लागंल."

गोरखभाऊंनी पोरं गेली त्या रस्त्याकडे पाहिलं, मग हसले. "करा तहकूब. पुढच्या सोमवारी घेऊ. तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाई, म्याडम. बसतील तेवढ्यांत ठराव."

पान ३०१ ते ३६०

हा हिस्सा प्रज्ञाचा, पण तो अजून कुणी ऐकलेला नाही.

"जेवढे शेवटपर्यंत बसतील तेवढ्यांत?" तिने विचारलं.

"हां. दहा असूद्या, पाच असूद्या."

ती काकांकडे वळली. "काका, तुमच्या हिश्श्यात काय आहे?"

"बर्फ संपतो."

तिचा चेहरा पडला.

"मग वाळू," काका म्हणाले. "साठ पानं."

प्रज्ञाने पानं टेबलावर ठोकून सरळ केली. "सरपंच, सोमवारी पहिला विषय आमचा घ्या. अपुरं आहे असं तुम्हीच म्हणालात. पुरं करून देतो."

"घ्या की," गोरखभाऊ म्हणाले. ते चपला शोधत होते.

भरत घाबरून जवळ आला. "ताई, मलाबी बसावं लागंल?"

"तू झोप," प्रज्ञा म्हणाली. "हात वर करायच्या वेळी उठवू."