मेट्रनचं हिरवं कार्ड

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या त्या मुलीला घरात सगळे 'मेट्रन' म्हणायचे. ती मेट्रन झाली होती असं नव्हे. तिथवर पोचायला अजून परीक्षा, नोकरी आणि नोकरीतली निदान वीस वर्षं बाकी होती. पण पहिल्याच वर्षी तिने आईला उकळत्या वरणापाशी थांबवून हात धुण्याच्या पायऱ्या शिकवल्या, बाबांच्या गोळ्यांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं, आणि दादाने त्याच दिवशी हे नाव ठेवलं. त्याने ठेवलं चिडवायला. हिने ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली माणसं असतात ना, त्यांच्या पहिल्या रांगेत हिची जागा राखीव होती, आणि हे तिचं तिलाही ठाऊक होतं. ठाऊक असून सुधारत नव्हती, एवढंच.

तर शेवटच्या वर्षी कॉलेजने एक प्रकल्प दिला. विषय: 'नेतृत्व, बदल आणि मी'. प्रत्येकीने आपापल्या वॉर्डात एक छोटासा बदल घडवून आणायचा, त्यावर चार पानं लिहायची आणि शुक्रवारी वर्गात ट्यूटर मॅडम आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर यांच्यासमोर दहा मिनिटं बोलायचं. जिचं काम सगळ्यांत चांगलं, तिचं नाव त्याच हॉस्पिटलातल्या एका जागेसाठी पुढे जाणार होतं. शिकता शिकता नोकरी! मेट्रनने विषयातले पहिले दोन शब्द घाईने वाचले आणि 'मी' या शब्दावर ती बराच वेळ थांबली.

निबंध तिने रविवारीच लिहून टाकला. बदल घडायचा होता मंगळवारी. बाजारात तुरी, तसला हा प्रकार. पण तिचं म्हणणं असं, की निष्कर्ष आधी स्पष्ट असला म्हणजे काम सोपं जातं. दुसऱ्या पानावर तिने झोकात लिहिलं होतं: 'बदल राबवण्यापूर्वी सर्व संबंधितांशी सविस्तर चर्चा करण्यात आली.' वाक्य तिला इतकं आवडलं, की तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं.

बदल कसला करायचा, हेही तिने आल्या दिवशीच ठरवलं होतं. पुरुषांच्या त्या वॉर्डात वीस खाटा होत्या आणि त्यांतल्या कित्येक खाटांच्या लोखंडी दांड्यांना जुन्या बँडेजच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. कुठे उशाला, कुठे पायथ्याला, कुठे एक गाठ, कुठे दोन. पट्ट्या स्वच्छ होत्या, रोज बदललेल्याही दिसायच्या. पण मेट्रनला त्या बघवेनात. पुस्तकात खाटेचं जे चित्र होतं, त्यात पट्टी कुठेच नव्हती.

त्या बांधायच्या मावशी. मावशी म्हणजे वॉर्डातल्या कामाच्या बाई. पाणी, जेवण, भांडी, अंथरुणं, सगळं त्यांच्याकडे, आणि तेही बावीस वर्षं. पट्ट्या कशासाठी, हे विचारायला मेट्रनला तीन आठवडे मिळाले होते. तिने विचारलं नाही. नेतृत्व करणाऱ्याने मावशींना काय विचारायचं?

मंगळवारी मावशी दाढ काढायला दोन दिवसांच्या रजेवर गेल्या. मेट्रन इन्चार्ज सिस्टरांकडे गेली. सिस्टर फोनवर स्टोअरच्या माणसाला हातमोज्यांवरून झापत होत्या. मेट्रन म्हणाली, "सिस्टर, माझ्या प्रकल्पासाठी खाटांना थोडं नीटनेटकं करू?" सिस्टरांनी फोन न सोडता हात हलवला. त्या हलवण्याचं भाषांतर मेट्रनने 'परवानगी' असं केलं.

मग तिने सगळ्या पट्ट्या सोडल्या. एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून आपल्या लॉकरमध्ये ठेवल्या, कारण शुक्रवारी 'बदलापूर्वी' म्हणून दाखवायला पुरावा हवा. प्रत्येक खाटेवर लॅमिनेट केलेलं कार्ड लावलं. लाल म्हणजे सतत लक्ष, पिवळं म्हणजे आधार द्या, हिरवं म्हणजे सर्व ठीक. कुणाला कुठला रंग, हे तिने फायली बघून ठरवलं. आता बघून म्हणजे, पहिलं पान आणि शेवटचं पान. मधली पानं फार होती. उरलेलं तिने पेशंटच्या तोंडाकडे बघून ठरवलं.

अकरा नंबरला एक पोस्टमन आजोबा होते. उभा जन्म पत्रं वाटली होती, आता निवृत्त. दोन आठवड्यांपूर्वी अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता, पण आता चालत होते, बोलत होते, चेष्टा करत होते. शनिवारी घरी जाणार होते. ते मेट्रनला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. असा माणूस आजारी असेलच कसा? हिरवं कार्ड.

बुधवार छान गेला. सिस्टर स्टोअरच्या हिशेबात अडकलेल्या, खाटांपाशी फिरकल्याच नाहीत. वॉर्ड कॅलेंडरवरच्या चित्रासारखा दिसत होता. जाता-येता ती आपल्या कार्डांकडे बघायची आणि मान तिरकी करून आणखी एकदा बघायची.

गुरुवारी दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असतील. अकरा नंबरचे आजोबा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, घोटभर साधं पाणी दे गं. दोन आठवडे नुसती खळ पाजतायत मला इथे."

'साधं' आणि 'खळ' हे दोन शब्द ऐकून कुणाच्याही डोक्यात काहीतरी खटकलं असतं. मेट्रनने कार्डाकडे पाहिलं. हिरवं. स्वतःच्या हातच्या कार्डावर तिचा फार विश्वास. तिने ग्लास भरून दिला. आजोबा उशीला रेलून अर्धवट आडवेच होते. तहानलेल्या माणसाने घ्यावेत तसे त्यांनी दोन मोठे घोट घेतले, आणि तिसऱ्याला त्यांचा श्वास अडकला.

आधी खोकला आला. मग खोकलाही येईना. डोळे मोठे झाले, ओठ निळसर व्हायला लागले, हात हवेत काहीतरी शोधू लागला. प्रथमोपचाराच्या प्रॅक्टिकलला वीसपैकी अठरा मार्क मिळवलेली आपली मेट्रन ग्लास घेऊन उभी होती आणि म्हणत होती, "आजोबा, शांत व्हा. शांत व्हा हं."

नेमक्या तेव्हा मावशी दारातून आत येत होत्या. गाल सुजलेला, खांद्याला पिशवी. पिशवी त्यांनी तिथेच टाकली. धावत येऊन आजोबांना काखेत हात घालून ताठ बसवलं, पुढे वाकवलं आणि सुजलेल्या तोंडाने अशी हाक मारली, की सिस्टर टेबलावरून उठून धावतच आल्या. घशातलं पाणी ओढून काढायचं यंत्र आलं, डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला. दहा मिनिटांनी आजोबांच्या तोंडावर पुन्हा रंग आला. डॉक्टर म्हणाले, पाणी छातीत उतरलंय, नवी औषधं सुरू करू, शनिवारी घरी जायचं विसरा.

मेट्रनने तेवढ्या वेळात एकच काम केलं होतं. तिने ग्लास हळूच कपाटात ठेवला होता.

सिस्टर घाम पुसत मावशींकडे वळल्या. "अकरा नंबरच्या दोन गाठी कुठायत?"

"बांधल्या होत्या, सिस्टर."

"मग उडून गेल्या का? ही रंगीत कार्डं कसली, ते मी नंतर बघते. पण तुम्ही रजेवर जाताना गाठी का तपासल्या नाहीत? कुणीतरी नातेवाइकाने येता-जाता पाजलं असणार पाणी. उद्या मला लेखी द्या."

म्हणजे सिस्टरांना गाठी ठाऊक होत्या. सगळ्या वॉर्डाला ठाऊक होत्या. ठाऊक नव्हतं ते एकट्या नेतृत्वाला. खरं सांगायची वेळ हीच होती. मेट्रन शेजारच्या खाटेची चादर ताणून सरळ करायला लागली.

अर्ध्या तासाने ती भांडी घासायच्या खोलीत गेली. मावशी उभ्या उभ्या पेल्यात औषधाचं पाणी भरून गुळण्या करत होत्या.

"मावशी, त्या गाठींचा अर्थ काय असतो हो?"

मावशींनी चूळ टाकली. "उशाला डावीकडे पट्टी, म्हणजे डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. पायथ्याला एक गाठ, म्हणजे पडण्यासारखा आहे, चालताना हात धरा. दोन गाठी, म्हणजे पाण्याने ठसका लागतो. पावडर घालून दाट करायचं, ताठ बसवायचं, चमच्याने द्यायचं."

"पण हे फायलीत असेल ना?"

"असतंय की. आठव्या पानावर, नाहीतर अठराव्या. पण पाणी वाटणाऱ्याच्या हातात फाइल कोण देतं, बाळा? इथे दर महिन्याला नवीन माणसं येतात. पट्टी सगळ्यांना दिसते." त्यांनी गालावर हात ठेवला. "माझ्या पट्ट्या कुणी सोडल्या, तुला काही ठाऊक आहे का?"

"नाही," मेट्रन म्हणाली.

एवढासा शब्द, पण तो बोलून झाल्यावर तिला स्वतःची इतकी शिसारी आली, की तिने सिंकमध्ये विनाकारण हात धुतले. सगळ्या पायऱ्यांनिशी.

संध्याकाळी घरी बाबांनी आत्याला फोनवर बातमी देऊन नोकरी जवळजवळ पक्की करून टाकली होती. आईने उद्यासाठी साडी इस्त्री केली होती. दादा म्हणाला, "मग मेट्रन, उद्या भाषण ना? आम्हाला ओळख दे बरं नंतर." एरवी तिने त्याला उशी फेकून मारली असती. आज ती पोळीचे तुकडे करत बसली आणि खाल्ला त्यांतला एकही नाही. तिने हिशेब मांडला: गप्प बसलं तर नोकरी. नातेवाइकाने पाणी पाजलं, असं सिस्टरच म्हणाल्यात. मावशींना एक कागद लिहून द्यावा लागेल, बावीस वर्षांत एक कागद, त्यात काय मोठंसं? असं ती मनाला समजावत होती, आणि मन काही तिच्या वर्गातलं नव्हतं, ते ऐकेना.

शुक्रवारी वर्गात ट्यूटर मॅडम आणि इन्चार्ज सिस्टर पुढच्या बाकावर बसल्या होत्या. सिस्टरांच्या वहीतून एका घडी घातलेल्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं. अक्षर वाकडंतिकडं, मोठं. मावशींचं.

मेट्रनने पहिलं पान दणक्यात वाचलं. दुसऱ्या पानावर आली. 'बदल राबवण्यापूर्वी सर्व संबंधितांशी...' इथे तिची गाडी थांबली. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबली. मागे कुणीतरी खाकरलं. तिने कागद खाली ठेवला आणि पिशवीतून ती प्लास्टिकची थैली काढून टेबलावर उपडी केली. पांढऱ्या पट्ट्यांचा ढीग पडला.

"मी कुणाशीही चर्चा केलेली नाही," ती म्हणाली. "हे वाक्य मी रविवारी लिहिलं आणि पट्ट्या मंगळवारी सोडल्या. मावशींनी गाठी नीट बांधल्या होत्या. अकरा नंबरचं कार्ड मी फाइल न वाचता लावलं. पाणी नातेवाइकाने नाही, मी पाजलं. नंतर ग्लास लपवला. मावशींनी विचारलं तेव्हा खोटं बोलले." तिला रडू येत होतं, पण रडण्याचे मार्क मिळवायचे नाहीत, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. "नेतृत्वाबद्दल मला एवढंच सांगता येईल, की ते माझ्याजवळ नव्हतं."

सिस्टरांनी वहीतला कागद काढला, चार तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला विचारायला आली होतीस. मी बघितलं नाही. तेही लिही." ट्यूटर मॅडम मात्र विरघळल्या नाहीत. घडल्या प्रकाराचा लेखी अहवाल, प्रकल्प पुन्हा पहिल्यापासून, आणि जागेसाठी नाव दुसऱ्या मुलीचं. त्या मुलीने तिच्या वॉर्डात फक्त घड्याळ सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर हलवलं होतं, आणि त्याआधी वीस जणांना विचारलं होतं.

आजोबांच्या मुलीची माफी मागायला मेट्रन स्वतः गेली. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं. "शनिवारी घरी न्यायचं होतं त्यांना," एवढंच बोलली आणि तोंड फिरवलं. तिने माफ केलं नाही, आणि का करावं? आजोबा ऑक्सिजनच्या मास्कआडून म्हणाले, "मागितलं मीच होतं, डॉक्टरीणबाई." ते तर जास्तच लागलं.

मावशींसमोर उभं राहायला तिला सगळ्यांत उशीर लागला. मावशी उशांचे अभ्रे बदलत होत्या. तिने सगळं सांगितलं.

"ठाऊक होतं मला," मावशी म्हणाल्या. "कार्डांवरचं अक्षर तुझंच."

"मग सिस्टरांना सांगितलं का नाही?"

"मी सांगून काय, तू पुन्हा नवं कार्ड लावलं असतंस. हे तुझ्या तोंडून यायला हवं होतं." आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

सोमवारी मेट्रन वॉर्डात आली. खाटांवर पट्ट्या परत आल्या होत्या, कार्डं गेली होती. ती कोपऱ्यातल्या विद्यार्थ्यांच्या खुर्चीकडे गेली, अहवाल लिहायला. खुर्चीच्या पुढच्या पायाला एक पांढरी पट्टी बांधलेली होती. एकच गाठ.

पाण्याची गाडी ढकलत चाललेल्या मावशींना तिने विचारलं, "मावशी, ही पट्टी माझ्यासाठी?"

"मग काय खुर्चीसाठी? पायथ्याला एक गाठ, विसरलीस का?"

"पडण्यासारखी आहे, हात धरा," मेट्रन म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं.

मावशींनी गाडी थांबवली नाही. जाता जाताच म्हणाल्या, "आणि ती सोडायची असेल ना, तर आधी मला विचार."