पश्चिमेची भिंत

शेजारचे वायरमन आपल्या आंब्याच्या बुंध्याला दोरी गुंडाळून घेर बघत होते. बाजूला लाकूडतोड्या करवत टेकून उभा होता. कुंपणाच्या अलीकडे मावशी अर्ध्या बांधलेल्या भिंतीवर पाणी मारत होत्या. हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

“भाऊजी, झाड काढताय?”

“छपरावर सोलर बसवायचंय, वहिनी. सकाळभर याची सावली पडते. जन्मभर दुसऱ्यांच्या घरी वीज पोचवली, आता म्हटलं थोडी आपल्या घरी पिकवावी.”

मावशींनी पाइप खाली ठेवला. झाड वायरमनच्या कुंपणातलं, बोलणार तरी काय?

मावशींचं आयुष्य कोळशाच्या इस्त्रीपाशी गेलं होतं. राहायला पत्र्याची खोली. वर पत्रा तापलेला, पुढे इस्त्री तापलेली, मधे मावशी. म्हणून घर बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच मागितलं, दुपारी पाठ टेकायला गार भिंत.

नवरा बसचा निवृत्त ड्रायव्हर. दोघांनी नकाशा आधी जमिनीवर काढला, चुन्याच्या फक्कीनं. मग जेवणाचा डबा घेऊन दिवसभर त्या पांढऱ्या रेघांमध्ये बसले. ऊन सरकलं तशा उठून खोल्या सरकवल्या. सकाळचं ऊन जिथं आलं तिथं स्वयंपाकघर, वारा जिकडून आला तिकडे दार. ड्रायव्हर मधेच रेघ ओलांडून आले की मावशी म्हणायच्या, “भिंतीतून काय येता, दारातून या.”

वीज कमी लागेल अशा घराला बँक व्याजात सवलत देत होती. बँकेतल्या बाईंनी न कंटाळता सगळं समजावलं. भिंती दुहेरी, मधे पोकळी, छपरावर जाड थर. कर्ज मात्र बेतानंच घेतलं, कारण फेडायचं होतं ते इस्त्री आणि पेन्शन यांच्यावर. कुठंतरी हात आखडता घ्यायलाच हवा होता, तर पश्चिमेची भिंत एकेरी केली. दुपारी तिकडे सावलीच असते ना.

ती सावली आंब्याची आणि आंबा वायरमनचा, हे दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

“वळताना आरशात बघायचं असतं,” झाडाचं ऐकून ड्रायव्हर कपाळाला हात लावून म्हणाले. “सगळा जन्म बघितलं आणि नेमका इथं विसरलो.” आंबा गेला तर ती भिंत तव्यासारखी तापणार, आणि ती दुहेरी करायला पैसा उरला नव्हता. त्यांचा पारा चढला, ते भांडायलाच निघाले. मावशींनी अडवलं. झाड त्यांचं, छप्पर त्यांचं, भांडायचं कशावरून?

संध्याकाळी इस्त्रीचे कपडे द्यायला त्या स्वतः गेल्या. वायरमनची खाकी वर्षानुवर्षं त्यांच्याच हाताखालून गेली होती.

“भाऊजी, तोडू नका म्हणायला नाही आले. चूक आमचीच. तुमची सावली न विचारता घरात धरली. तोडायच्या आधी एक दिवस आमच्याकडे बसायला या. इतके दिवस सावली वापरली, आभार मानायचे राहिलेत.”

वायरमन हसले, पण दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्याला थांबायला सांगून आले. बिनछपराच्या खोलीत फळीवर तिघं बसले. मावशींनी चहा दिला. सकाळचं ऊन चारी भिंतींच्या आत काठोकाठ भरलं होतं. वायरमन कपाळावर हात धरून कितीतरी वेळ वर बघत राहिले. मग ऊन कललं. सावली कुंपण ओलांडून आली, पश्चिमेच्या भिंतीवर चढली, आत उतरली, धुतलेल्या चादरीसारखी खोलीभर पसरली. गप्पा मारता मारता वायरमनची मान कलली. भिंतीला टेकून ते झोपी गेले, आणि नवराबायको आपल्याच घरात कुजबुजत बोलू लागली.

उठल्यावर ते जरा ओशाळले.

“वहिनी, सकाळचं ऊन सगळं तुमच्याकडे पडतं. माझ्याकडे दुपारनंतर. अर्धं सोलर तुमच्या छपरावर ठेवू द्याल? वीज दोन्ही घरांना. वायर ओढायचं काम माझं.”

“आणि पैसे?” ड्रायव्हरनी विचारलं.

“सोलर मी घेणारच होतो. तुम्ही जागा द्या. आणि झाडाला पाणी घालत जा, फार वर्षं कुणी घातलं नाही.”

मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

वायरमनच्या छपराकडे झुकलेली एक फांदी तेवढी काढावी लागली. ती खाली येईस्तोवर मावशी तिथंच उभ्या होत्या.

घर पुरं झालं तेव्हा कडक उन्हाळा होता. पहिल्या दुपारी मावशींनी काम बाजूला ठेवलं आणि इस्त्रीजवळची पाण्याची वाटी घेऊन त्या पश्चिमेच्या भिंतीपाशी गेल्या. आधी तळवा जवळ धरला, इस्त्रीपुढे धरायच्या तसा, न टेकवता. मग सवयीनं वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून भिंतीवर शिंतोडा मारला.

थेंब चुरचुरला नाही. सावकाश खाली उतरत गेला, आणि तो जमिनीला पोचेपर्यंत मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या.