मऊ शिसं

"दे हिकडं. तुझ्याच्यानं न्हाय व्हायचं," असं म्हणत भरमाणीनं भावकूच्या हातातला गळाचा नायलॉनचा तंगूस ओढून घेतला. वजनासाठी शिशाचा बारका मणी त्यावर चढवला आणि दाढेखाली धरून कचकन दाबला. मग गळाला गांडूळ ओवलं, काठी झोकून पाण्यात गळ टाकला आणि काठी भावकूच्या हातात देत म्हणाला, "हं, धर आता."

मलप्रभा नदीवरच्या पुलाखालच्या कातळावर दोघे बसले होते. वीस-बावीस वर्षं दर रविवारी ते याच कातळावर बसत आले होते. पण भावकूच्या हाताला अपघात झाल्यानंतरचा हा पहिलाच रविवार होता.

पाण्यावर तरंगणारं बूच बुडालं. भावकूनं डाव्या हातानं काठी उचलली. चांगली पंज्याएवढी चिलापी तडफडत वर आली. ती धरायला तो वाकणार, तोच भरमाणी पुढे झाला. त्यानं मासा धरला, गळ काढला, मासा जाळीच्या पिशवीत टाकला आणि दुसरं गांडूळ ओवायला सुरुवातही केली.

भावकू त्याच्या हातांकडे बघत राहिला. मग काठी कातळावर ठेवून उठला.

"निघालो मी."

"का रं? आत्ताशी कुठं लागाय लागल्यात."

"शिसं तू लावणार, गांडूळ तू लावणार, मासं पण तूच काढणार. मग मी हितं कशाला? काठी धराय एक खुटा मारलास तरी चालंल की."

"अरं, तुझा हात आसा..."

"माझा हात मला म्हाईत हाय."

तो चढण चढून रस्त्याला लागला. भरमाणीनं दोनदा हाक मारली. भावकूनं मागं वळून बघितलं नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत भावकू मोल्डर होता. लोखंडी पेटीत काळी रेती भरायची, ठोकून बसवायची, तिच्यात साचा उठवायचा, आणि मग भट्टीवरची माणसं त्यात लोखंडाचा रस ओतायची. त्या भट्टीवर भरमाणी होता. दोघांची गावं खानापूर रस्त्याला शेजारी-शेजारी, म्हणून येणं-जाणंही एकाच मोटरसायकलवर. एका दुपारी पेटी उचलताना साखळी सरकली, पेटी हातावर आली आणि भावकूच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. हाताला आपला टॉवेल गुंडाळून, त्याला मिठीत धरून दवाखान्यापर्यंत नेलं ते भरमाणीनंच. दवाखान्यात रात्रंदिवस बसला तोही भरमाणीच. अशा माणसावर रागावायचं तरी कसं, हेच भावकूला कळत नव्हतं, आणि राग तर येत होता.

कंपनीनं त्याला काढलं नाही. गेटवर बसवलं. लॉरी आली की आडवा दांडा वर करायचा, गेली की खाली करायचा. रेती भरणारे हात दिवसभर मांडीवर पडून असत. सकाळी भरमाणी आता एकटाच मोटरसायकलवरून येई, आणि भावकू त्याच्यासाठी दांडा वर करी.

"जेवलास?"

"जेवलो."

एवढंच बोलणं व्हायचं. पुढे पुढे भरमाणी नुसती मान हलवू लागला.

घरी मात्र भावकूचं एक चाललं होतं. रविवारी मागच्या अंगणात बसून तो पक्कड घेऊन शिशाचे मणी तंगूसाला लावायचा प्रयत्न करायचा. डाव्या हातात पक्कड नीट बसत नसे आणि उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांत मणी टिकत नसे. मणी टुणकन उडायचा, आणि दाणा समजून कोंबड्या त्यावर धावायच्या. "हाड हाड" करत भावकू त्यांच्या मागे लागायचा, कारण शिसं पोटात गेलं तर कोंबडी मरणार. एकदा त्याची ही धावपळ दिपालीनं पाहिली. दिपाली ही त्याची थोरली मुलगी. टिळकवाडीत एका दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती.

आठवड्याभरानं तिनं त्याच्यासमोर एक चपटी गोल डबी ठेवली.

"काय ह्ये? बूटपॉलिश?"

"वजन हाय आप्पा, गळाला लावायचं. टंगस्टन म्हणत्यात. शिशापरास जड, पर कणकीगत मळता येतंय. दात नको, पक्कड नको."

भावकूनं डबी उघडली. आत काळपट करड्या रंगाचा गोळा होता. त्यानं अंगठ्यानं दाबून बघितलं. गोळा दबला नाही, त्याचा कोपरा मात्र तुटला.

"दगुड हाय ह्यो."

"हातात धरा की जरा. ऊब लागली की मऊ पडतंय. व्हिडिओत दावलंय."

"व्हिडिओत काय, गाढव पण उडताना दावत्यात," असं म्हणून त्यानं डबी फळीवर ठेवून दिली. मनूबाईनं नवऱ्याकडं रागानं बघितलं. मुलगी आत निघून गेली.

रात्री जेवताना दिपाली बापाशी एक शब्दही बोलली नाही. ते त्याला लागलं. सकाळी निघताना त्यानं डबी खिशात टाकली, पण उघडली नाही. ती नुसतीच त्याच्याबरोबर गेटवर जाऊ-येऊ लागली.

एका दुपारी लॉऱ्यांची ये-जा थांबली होती. केबिनमध्ये बसल्या-बसल्या त्यानं डबीतला एक तुकडा काढला आणि सहज मुठीत आवळला. रेतीला ओल पुरेशी आहे का हे मोल्डर असंच बघतात. मूठभर रेती आवळायची, मूठ उघडायची, आणि बोटांचे ठसे नीट उमटले की रेती चांगली. आयुष्यभर त्यानं दिवसातून कितीतरी वेळा तसं केलं होतं. लॉरीचा हॉर्न वाजला, तसा त्यानं डाव्या हातानं दांडा वर केला, खाली केला, परत येऊन बसला आणि मूठ उघडली.

तुकडा मऊ झाला होता. त्यावर ठसे उमटले होते. दोनच बोटांचे, अनामिकेचा आणि करंगळीचा. वरचा भाग गुळगुळीत होता.

भावकू बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. बोटं गेली हे त्याला माहीत होतं, रोज दिसत होतं, पण ते असं कुणी उमटवून दाखवलं नव्हतं. मग त्यानं दोन्ही तळवे जोडले आणि तो तुकडा त्यांच्यामध्ये वळायला लागला. गोल गोल, हळूहळू. ठसे पुसले गेले आणि हातात वाटाण्याएवढी साफ गोळी आली. तळव्यांना बोटांची गरज लागत नव्हती.

त्या दिवसापासून तो मागच्या अंगणात वेगळ्या कामाला बसू लागला. तंगूसाचं एक टोक पेरूच्या झाडाला बांधायचं, दुसरं दातात धरायचं. मधे आधीच मारून ठेवलेल्या गाठीवर मऊ तुकडा चिकटवायचा आणि तळव्यांत वळून त्याला जोंधळ्याच्या दाण्यासारखा आकार द्यायचा. सुरुवातीला तो घसरून खालीच यायचा. मग त्याच्या लक्षात आलं, तंगूसाला हाताचं तेलकट लागतंय. फडक्यानं पुसून लावला तसा तो धरला. पोरीला काही सांगितलं नाही, पण फडकी तीच धुऊन ठेवायची.

मग एका थंडीच्या रविवारी तो एकटाच नदीवर गेला. पुलाखाली नाही, बराच वरच्या अंगाला, जिथं भरमाणी भेटणार नाही अशा वळणावर. गारठ्यानं गोळा पुन्हा दगड झाला होता. तो काखेत धरून भावकू काठावर कुडकुडत बसला. मऊ झाल्यावर लावला, आणि जुन्या सवयीनं काठी जोरात झोकली. वजन सुटून लांब पाण्यात पडलं, गळ मात्र हलका होऊन पायाशी आला. भावकूनं नदीला एक चांगली शिवी दिली. पुन्हा काखेत गोळा धरला, पुन्हा लावला. या वेळी काठी अलगद, झोपाळा ढकलावा तशी सोडली. गांडूळ ओवणं जमत नव्हतं, म्हणून घरून कणकेचा उंडा आणला होता. तो गळावर दाबायला तळवा पुरला.

ऊन डोक्यावर यायला आलं तेव्हा बूच बुडालं. रोहू होता. फार मोठा नव्हता, दीड वीत असेल. भावकूनं तो वाळूवर ओढला, ओलं पोतं टाकून पायाखाली दाबला आणि डाव्या हातानं गळ फिरवून काढला. गळाचं टोक लागून तळवा फाटला. रक्त पाण्यात धुवून तो थोडा वेळ तसाच पाण्यात उभा राहिला. बघायला कुणी नव्हतं, हे एका परीनं बरं होतं, आणि एका परीनं नव्हतं.

मनूबाईनं मासा साफ करून तुकडे केले आणि त्यांचे दोन वाटे केले. एक तव्याशेजारी ठेवला, दुसरा स्टीलच्या डब्यात भरला.

"त्यो कुणाला?" भावकूनं विचारलं.

"भरमाणी भावजींस्नी. कवाबी मासं आलं की जातंय की अर्धं."

"आता कुठं जातंय?"

"तेच मी म्हणतोय," मनूबाई म्हणाली. तिकडच्या बायका बोलतात तशी, पुरुषासारखी. आणि तिनं डब्याचं झाकण लावलं.

भावकू डबा घेऊन सायकलवर बसला.

भरमाणी ओसरीवर खाटेवर आडवा होता. त्याची बायको नागूबाई दारातूनच म्हणाली, "भावजी! वाट चुकलासा काय?" भरमाणी उठून बसला. डबा उघडून बघितला.

"कुणी धरला?"

"मी."

"शिसं कुणी..."

भावकूनं खिशातली डबी काढून त्याच्या हातावर ठेवली. भरमाणीनं ती उघडली, हुंगली, दाबून बघितली. भावकूनं तुकडा तोडून तळव्यांत वळून दाखवला. भरमाणी त्या हातांकडे बघत होता.

"तू जातोस न्हवं रविवारी?" भावकूनं विचारलं.

उत्तर नागूबाईनं दिलं. "कुठलं जात्यात! काठ्या माझ्या भावाला दिऊन टाकल्या. एकटं बसून काय पाणी मोजू काय, म्हणत्यात."

"गप गं," भरमाणी म्हणाला. ती आत गेली. शेजारी कुणाचं तरी कोकरू ओरडत होतं.

"त्या दिवशी मी तुला काय लई बोललो रं?" भरमाणीनं विचारलं.

"बोलला न्हाईस. सगळं केलंस, त्येच."

"मला बघवत न्हवतं रं." भरमाणी म्हणाला. "पेटीखालनं तुझा हात मी काढलाय. तू डोळं मिटलं हुतंस. मी न्हवतो मिटलं."

हे त्यानं यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. भावकूनं कधी विचारलंही नव्हतं. इतके दिवस त्याला वाटत होतं, त्या दुपारी जे गेलं ते एकट्या त्याचंच गेलं.

"मला पण सुरवातीला न्हवतं बघवत," तो शेवटी म्हणाला. "आता बघतोय. तू बी बघाय शिक." आणि उठता उठता म्हणाला, "रविवारी ये पुलाखाली. काठी एकच हाय."

रविवारी भरमाणी त्याच्या आधीच येऊन बसला होता. भावकूनं कातळावर पोतं अंथरलं, तंगूस सोडला, पुसला, एक टोक दातात धरलं. गोळा काखेत ठेवला. पाण्यात समोरच मासा उसळला. भरमाणीनं तो बघितला, पण "लवकर कर" असं म्हटलं नाही. पहिला तुकडा वाकडा बसला, तो काढून भावकू दुसऱ्यांदा लावायला लागला. भरमाणीचा हात आपोआप पुढे आला. अर्ध्यावर थांबला. त्यानं तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

गळ तयार झाला. भावकू उभा राहिला. सोबतीला माणूस आहे या आनंदात की काय, त्यानं काठी जोरात झोकली. वजन सुटलं आणि लांब पाण्यात टुपकन पडलं. हलका तंगूस वाऱ्यावर तरंगत कातळापाशी परत आला.

भावकूनं तिरप्या नजरेनं बघितलं. भरमाणीनं मान वळवली होती. काही बघितलंच नाही अशा थाटात तो वर पुलाकडे बघत होता. पुलावर ना गाडी होती ना माणूस, तरी तो तिकडेच बघत राहिला.

भावकू खाली बसला. त्यानं तंगूस पुन्हा पुसायला घेतला.