बंबातला वारा

सुभेदार हंबीरराव पलटणीतून पेन्शनवर आले आणि त्यांनी महाबळेश्वरात, बाजाराच्या खालच्या अंगाला, चार खोल्यांचं घर बांधलं. लडाखात तीन हिवाळे काढलेला माणूस. ऊब कशी राखायची हे आपल्याइतकं इथं कुणाला कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. पत्र्याखाली त्यांनी फळ्यांचं छत घातलं, त्यावर वीतभर भाताचं तूस पसरलं, खिडक्यांच्या काचांभोवतीच्या फटी लांबी भरून बुजवल्या आणि दारांच्या चौकटींना जुन्या घोंगडीच्या पट्ट्या ठोकल्या. शेजारीपाजारी पावसाळ्याआधी पावसाचा मारा अडवायला घरांना गवताच्या झड्या बांधत. ते बघून सुभेदार मिशीत हसत.

चौऱ्याहत्तर साली रॉकेल मिळेना आणि कोळशाच्या वखारीपुढे रांगा लागल्या. शेजारच्या साळूबाईच्या घरी तीन शेगड्या पेटत, तरी पोरं कुडकुडत. सुभेदारांच्या घरात मात्र स्वयंपाकघरातल्या एका शेगडीवर चारही खोल्या उबदार असत.

“वारा सोडा, मुंगीबी आत यायची न्हाई,” ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मुंगी येत नव्हती हे खरं, पण आतलं काही बाहेरही जात नव्हतं. भिंतींना घाम फुटे. ट्रंकेतल्या लुगड्यांवर बुरशी चढली. राहीबाईंचं, म्हणजे सुभेदारांच्या बायकोचं, डोकं सकाळपासून जड होई. पावसाळी हवेनं होतं तसं, असं सुभेदार म्हणत.

आषाढात राहीबाईंची धाकटी बहीण बनुबाई मेढ्याहून चार दिवस राहायला आली. दुसऱ्याच दिवशी दुपारी दोघी शेगडीपाशी भिजवलेले पावटे सोलत बसल्या होत्या. बोलता बोलता बनुबाई गप्प झाली आणि पाटावरून एका अंगाला कलंडली. राहीबाई उठायला गेल्या तर त्यांचेही पाय लटपटले. तेवढ्यात बाजारातून आलेल्या सुभेदारांनी मेहुणीला उचललं, लाथेनं दार उघडलं आणि थेट अंगणात, मुसळधार पावसात नेऊन धरलं. राहीबाई भिंत धरत मागोमाग बाहेर आल्या. थोड्या वेळानं बनुबाई ओकली आणि डोळे उघडून म्हणाली, “दाजी, मला भिजवताय कशापायी?”

डॉक्टर आले. त्यांनी शेगडीकडे बघितलं, काचांकडे बघितलं आणि सुभेदारांकडे बघितलं. “कोळशाचा धूर दिसत नाही, पण त्यातून विषारी वायू निघतो. सगळं बंद करून बसलात. निभावलं, नशीब समजा.”

डॉक्टर गेल्यावर राहीबाईंनी विचारलं, “लडाखात काय करत होता वं तुमी?”

“तिथं बंकरला भोक ठिवायची आर्डर होती,” सुभेदार खाली बघत म्हणाले.

“मग हितं आर्डर कुणी द्यायची?”

राहीबाईंनी पिशवी भरली. “आमी मेढ्याला चाललो. घरात वारा यायची सोय झाली, की या न्यायला.”

सुभेदारांनी त्याच दिवशी खिडक्या उघडल्या. धुकं पाहुण्यासारखं आत शिरलं, गादीवर बसलं, पिठाच्या डब्यात उतरलं. शेगडीत दुप्पट कोळसा घातला तरी पाय गार ते गारच. खिडक्या लावल्या की डॉक्टरांचा चेहरा डोळ्यांपुढे येई. चार दिवस पिठलं खाऊन आणि ओली विजार घालून त्यांनी काढले. पाचव्या दिवशी त्यांना बाजारातल्या जॅमच्या कारखान्याचं धुराडं आठवलं. पाऊस कसाही येवो, ते कधी तुंबत नसे. जाऊन बघितलं तर पत्र्यावर ठोकलेलं नाव होतं: जिनदत्त उपाध्ये, कुपवाड.

ते मेढ्याला गेले. “सांगलीला जातो. पत्र्याचं काम करणारा हुशार माणूस हाय तिथं.”

“मीबी येते,” राहीबाई म्हणाल्या. “त्या घरात दिवसभर श्वास मी घेते. तुमी तर बाजारात असता.”

साताऱ्याला गाडी बदलून दोघं सांगलीला उतरले आणि टांग्यानं कुपवाडला गेले. जिनदत्त चाळिशीचा, सडपातळ, कानावर पेन्सिल अडकवलेला माणूस होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीतल्या एका पंख्याचं बटण दाबलं. “हा एक्झॉस्ट. आतली हवा भसाभसा बाहेर फेकतो.”

“लाईट गेल्यावर?” राहीबाईंनी विचारलं. “आमच्याकडं पावसाळ्यात चार-चार दिवस येत न्हाई.”

जिनदत्तनं पंखा बंद केला आणि त्यांना बाहेर नेऊन शेडच्या छपराकडे बोट दाखवलं. पत्र्याच्या पाकळ्यांचा एक भोपळा वाऱ्यावर गरगरत होता. “ह्याला लाईट लागत नाही. वारा फिरवतो, हा आतलं ओढून घेतो.”

सुभेदार खूश झाले. “बेस्ट! हेच द्या.”

“आवं, थांबा. आमच्याकडचा वारा काय असा हाय का? हा भोपळा तिथं येड्यावानी फिरंल. शेगडीची सगळी ऊब घिऊन जाईल.”

“वहिनी म्हणतात ते खरं आहे,” जिनदत्त म्हणाला. “वारा पाहिजे आणि ऊबही पाहिजे, असं माझ्याकडे तयार काही नाही.”

तेवढ्यात त्याची बायको राजमती जेवायला बोलवायला आली. घर जैनाचं; दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडे पानं वाढली जात. घराकडे निघताना राहीबाई शेडच्या दारात थबकल्या. एक कारागीर आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब जोडत होता. मधे जाळाची नळी, भोवती पाण्याचं पोट.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “मधल्या नळीतनं घरातला वारा बाहेर घालवला आन् पाण्याच्या जागी बाहेरचा वारा आत घेतला, तर तो तापंल का न्हाई?”

जिनदत्तनं कानावरची पेन्सिल काढली. खाली फरशीवर बसून त्यानं नळीत नळी काढली, बाण काढले, पुसले, पुन्हा काढले. राजमती दोनदा हाक मारून गेली. शेवटी तो म्हणाला, “आतला गरम वारा जाता जाता येणाऱ्या गार वाऱ्याला ऊब देऊन जाईल. मोटार नको, लाईट नको. शेगडीवर उलट्या नरसाळ्यासारखा हूड घातला की ओढ आपोआप लागेल. सुभेदार, हे मला वीस वर्षांत सुचलं नाही.”

“मला तरी कुठं?” सुभेदार म्हणाले.

जेवताना राहीबाईंनी आणखी एक अट घातली. नवा वारा आधी झोपायच्या खोलीत यायला हवा, तिथून सोप्यात, आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघरात. “फोडणीचा वास घिऊन तो माघारी फिरायचा न्हाई.” म्हणून बाहेरच्या नळीला झोपायच्या खोलीत उघडणारा एक आडवा फाटा काढायचा आणि खोल्यांच्या मधल्या भिंतींना वर जाळ्या ठेवायच्या, असं ठरलं.

श्रावणात जिनदत्त टेम्पोतून नळ्या घेऊन घाट चढून आला. पसरणीच्या वळणांनी त्याची अशी दशा केली होती, की पहिला अर्धा तास तो ओट्यावर डोळे मिटून पडला. मग कामाला लागला. दोन दिवसांत नळी उभी राहिली. स्वयंपाकघरातून वर, तूस बाजूला सारून, पत्र्याबाहेर दोन पुरुष उंच.

सुभेदारांनी स्वतः शेगडी पेटवली आणि हुडाखाली तोंड घालून ओढ बघायला गेले. नेमका दरीतून एक झोत आला. धूर, राख आणि ठिणग्या खाली आल्या. सुभेदार बाहेर आले तेव्हा चेहऱ्यात फक्त डोळे पांढरे होते. साळूबाई कुंपणापाशी उभी होती. ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

“गड्या, हे काय झालं रं?” सुभेदारांनी विचारलं.

जिनदत्त पडत्या पावसात घोंगडी पांघरून अंगणात उभा राहिला आणि तासभर नुसता झाडांकडे बघत होता. “तुमच्याकडचा वारा एका दिशेचा नाही. खालून उसळतो, वरूनही पडतो,” तो आत येऊन म्हणाला. मग त्यानं उरलेल्या पत्र्याची गोल टोपी केली, तिच्याभोवती आडव्या पट्ट्या लावल्या. झोत कुठूनही आला तरी नळीच्या तोंडात शिरणार नाही, अशी. दोर कमरेला बांधून तो छपरावर चढला, आणि खाली दोर धरून सुभेदार उभे राहिले.

राहीबाईंना दुसरीच घाई होती. पाहुणा दिवस मावळल्यावर जेवणार नाही, आणि धुक्यात सूर्य आहे की बुडाला हे कुणाला कळत नव्हतं. शेवटी सुभेदारांनी घड्याळ बघून हुकूम सोडला, “साडेपाच! फॉल इन!” सगळे पानावर बसले.

जेवण झाल्यावर राहीबाईंनी झोपायच्या खोलीत उदबत्ती लावली. खिडक्या, दारं गच्च बंद. धुराची रेघ क्षणभर सरळ उभी राहिली, मग हलकेच सोप्याच्या जाळीकडे वाकली. तिघं उदबत्ती घेऊन सोप्यात आले. तिथंही रेघ स्वयंपाकघराकडे वळली, आणि हुडाखाली नेल्यावर सरळ वर निघून गेली. राहीबाईंनी परत झोपायच्या खोलीत येऊन फाट्याच्या तोंडाशी तळवा धरला.

“कोमट हाय,” त्या म्हणाल्या. “आवं, बघा की, कोमट हाय!”

सुभेदारांनी तिथं हात धरला. मग जिनदत्तनं धरला. त्यानं हात बराच वेळ तिथंच ठेवला.

गौरींना बनुबाई आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली. टोपीचं धुराडं तिनं चहूकडून बघितलं, दाजींना दोनदा विचारून घेतलं आणि मग आत पाऊल टाकलं. शेगडीपासून मात्र हातभर लांब बसली. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, तेव्हा हळूहळू सरकत जवळ आली.

कोळसा आता पहिल्यापेक्षा थोडा जास्त लागत होता. सुभेदार ते कबूल करत, पण बाकीचं सांगताना त्यांची छाती पुन्हा फुगू लागली होती. “आमी बाहेरचा वारा तापवून घेतो,” ते बाजारात सांगत.

दिवाळीच्या आधी जिनदत्तचं कार्ड आलं. पाचगणीच्या एका निवासी शाळेला तसलाच वाऱ्याचा बंब हवा होता, पण तिथल्या खोल्या लांबलचक एका ओळीत होत्या. फाटा कुठून काढावा, हे वहिनींना विचारून कळवा, असं त्यानं लिहिलं होतं.

राहीबाईंनी हात पुसले आणि भिंतीला टेकून बसल्या. सुभेदारांनी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं.

“लिवा,” त्या म्हणाल्या. “आधी विचारा, पोरं कोणत्या टोकाला झोपत्यात.”