तिसऱ्या ओळीतला श्वास

एकतीस वर्षांत बाईंचा आमच्या शहरातला एकच कार्यक्रम माझा चुकला, आणि नेमका तोच शेवटचा निघाला.

दोष माझाच. दुकानातल्या वरच्या फळीवरचं खोकं काढायला मी स्टुलावर खुर्ची ठेवून चढलो. बायकोने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, शेजारून शिडी मागून आणा. पण मी कोणाचं ऐकलं तर ना. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा माणूस, स्वतः मात्र गुडघ्यापासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. कार्यक्रम आठ दिवसांवर होता.

बाई म्हणजे नाटकांतून गाणाऱ्या बाई. नाटकं बंद झाली तेव्हापासून त्या त्याच गाण्यांचे कार्यक्रम करायच्या, वर्षातून एकदा आमच्याकडे यायच्या. आम्ही तिघं त्यांचे वेडे. वकीलसाहेब, चित्रकलेचे मास्तर आणि मी. मला हे दोघे 'रेडिओ' म्हणतात, कारण एकदा सुरू झालो की बंद होत नाही. आमचा एक रिवाज होता. कार्यक्रमानंतरच्या रविवारी सकाळी दहाला माझ्या दुकानात जमायचं आणि प्रत्येकाने आपल्याला भावलेली गाण्यातली एकच जागा सांगायची. एकाने सांगितलेली दुसऱ्याने सांगायची नाही. त्यावरून भांडणं व्हायची, एकदा तर मास्तर दोन महिने माझ्याशी बोलले नव्हते.

तर आता तिकिटाचं काय करायचं? वकीलसाहेबांचा मेव्हणा टपून बसला होता. तो माणूस गाणं चालू असताना पॉपकॉर्न खातो. त्याच्या हाती तिकीट जाऊ द्यायचं नाही, एवढ्याच हट्टाने मी बायकोला म्हटलं, "वाया जाण्यापेक्षा तूच जाऊन ये."

ती शिवणयंत्रावर होती. पाय थांबला. "मी?"

"हो. आणि कोणत्या क्रमाने काय म्हटलं ते लिहून आण." मी एक कागद तिच्याकडे दिला. वर आकडे घालून ठेवले होते, एक ते पंधरा.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, मीपण येऊ का. मी म्हटलं होतं, तुला झोप येईल. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही आणि मीही नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर वकीलसाहेब बसायचे. ती माझा शर्ट इस्त्री करून द्यायची.

ती घरीच बायकांचे कपडे शिवते. मापं कधी लिहून ठेवत नाही. गिऱ्हाईक चार वर्षांनी आलं तरी ही आपली बाहीपासून घेरापर्यंत घडाघडा सांगते. मला नेहमी वाटायचं, कपड्यांपुरती हुशार आहे बायको.

कार्यक्रम संध्याकाळी पाचचा होता. ती साडेआठला परत आली, चपला न काढताच माझ्या पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "अहो, ऐका."

"कागद दे आधी."

आकड्यांपुढे कागद कोरा होता.

"लिहीत बसले असते तर ऐकणं राहून गेलं असतं," ती म्हणाली.

मी वैतागलो. एक काम सांगितलं होतं. "राहू दे मग. रविवारी ते दोघं येतील, ते नीट सांगतील. तुझं अर्धवट ऐकून उगाच डोक्यात गोंधळ नको."

ती उठून हातपाय धुवायला गेली. चपलांचे ठसे फरशीवर होते, तेही तिनेच पुसले.

माझ्या पायामुळे दुकान बंद होतं, म्हणून त्या रविवारची बैठक पहिल्यांदाच आमच्या घरी झाली, तिच्या शिवणाच्या खोलीत, कारण तिथेच माझा पलंग टाकला होता. ती कोपऱ्यात कोणाच्या तरी झग्याला हाताने टीप घालत बसली. मास्तरांनी सुरुवातीच्या आलापाची जागा सांगितली आणि हवेत बोटाने त्याची रेघ काढून दाखवली. मग वकीलसाहेब खाकरले. महत्त्वाचा साक्षीदार आणल्यासारखे ते निरोपाच्या गाण्यावर आले.

निरोपाचं गाणं म्हणजे बाईंचं सगळ्यात गाजलेलं. त्यातली तिसरी ओळ लांबलचक आहे आणि बाई ती एका दमात म्हणत. बाकीच्या गायिका तिथेच पकडल्या जात.

"या वेळी काय केलं सांगू?" वकीलसाहेब म्हणाले. "ओळीच्या मध्ये थांबल्या. पूर्ण थांबल्या. व्हायोलिन एकटंच वाजत राहिलं आणि मग त्यांनी पुढचे शब्द उचलले. काय तो विराम! इतकी वर्षं एका दमात म्हटलेली ओळ त्यांनी त्या दिवशी उघडून दाखवली, रेडिओ. तू नव्हतास, काय सांगू तुला."

माझा जीव तळमळला. मास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली.

"विराम नव्हता तो," कोपऱ्यातून आवाज आला.

आम्ही तिघांनी वळून पाहिलं. तिची सुई थांबलेली नव्हती.

"दम संपला त्यांचा. आधीपासून ठरलेलं होतं ते. व्हायोलिनवाला गज उचलून त्यांच्या तोंडाकडेच बघत होता. त्यांनी डावा हात कमरेशी दाबला की लगेच त्याने सुरू केलं. आणखी दोनदा केलं तसं, पण ती गाणी एवढी गाजलेली नव्हती म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल." मग जरा हळू म्हणाली, "पोशाख मागच्या वर्षी पेपरात आलेल्या फोटोतलाच होता, निळा. दोन्ही बाजूंनी आत घेतलेला. पण खांदे तसे आत घेता येत नाहीत, ते दंडावर उतरले होते. फार वाळल्यात. मला वाटतं, त्या निरोपच घ्यायला आल्या होत्या. शेवटी त्यांनी हात जोडले ना, तेव्हा आपल्याकडे नाही पाहिलं. स्टेजच्या फळ्यांकडे पाहिलं."

वकीलसाहेबांचा चेहरा पडला होता. माझ्याच घरात, माझ्याच मित्रांसमोर त्यांच्या आनंदावर पाणी पडलं, याची मला लाज वाटली. त्या वेळी तेवढंच वाटलं, हे खरं.

"तू तुझी शिवण बघ," मी म्हटलं. "गाण्यातलं तुला काय कळतं?"

वकीलसाहेब सुटका झाल्यासारखे हसले. "वहिनी, बाईंच्या गाण्याला टेप लावून माप घ्यायचं नसतं." मास्तरही हसले. मीही हसलो.

तिने दाताने दोरा तोडला, झगा झटकून त्याची घडी केली आणि चहा करायला गेली. चहा नेहमीसारखाच चांगला झाला होता.

तीन आठवड्यांनी वकीलसाहेब वर्तमानपत्र घेऊन आले. बसले नाहीत. बाईंच्या मुलीने कळवलं होतं की वर्षभर फुप्फुसाचं दुखणं आहे, आता त्या स्टेजवर गाणार नाहीत. या वर्षीचे कार्यक्रम त्यांनी डॉक्टरांशी भांडून केले होते.

"वहिनी कुठेत?" त्यांनी विचारलं.

ती बाजारात गेली होती.

"त्यांना सांग, आमचं चुकलं. मी मेला विराम विराम करत बसलो. ती बाई तिथे श्वासासाठी झगडत होती आणि मी टाळ्या वाजवत होतो." ते डोळे पुसत गेले.

मी निरोप दिला नाही. जीभच रेटेना. ती आली, तिने वर्तमानपत्र वाचलं, घडी करून पुन्हा माझ्या उशाशी ठेवलं आणि यंत्रावर जाऊन बसली. मी टेप लावली. निरोपाचं गाणं. पहिली ओळ, दुसरी ओळ, यंत्र खडखडत होतं. तिसऱ्या ओळीला थांबलं. ओळ संपली तसं पुन्हा सुरू झालं.

दुकानात जाण्याआधी मी रोज सकाळी घरी टेप लावायचो, मधलं दार लावून, यंत्राचा आवाज नको म्हणून. दाराआडून तो आवाज मधेच थांबायचा तेव्हा मला वाटायचं, दोरा संपला असेल. एकतीस वर्षं मी तो दोराच समजत होतो.

मी टेप बंद केली. तो कोरा कागद उशीखाली होता, तो काढला. पेन शोधलं.

"अगं," मी म्हटलं, "त्या दिवशी पहिलं काय म्हटलं त्यांनी?"

यंत्र चालूच राहिलं.

"त्या रविवारी मी बोललो ते चुकलं माझं. वकीलसाहेबही म्हणून गेले तसं. सगळं सांग मला, पहिल्यापासून. मी मधे बोलणार नाही. तू एकटीनेच ऐकलंस बघ तो कार्यक्रम. ते दोघं नुसते बसून आले."

तिने कापड यंत्राच्या सुईखालून सोडवलं. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. राग असता तर मी समजूत काढली असती.

"विसरले मी आता," ती म्हणाली.

तेवढ्यात दारात खालच्या मजल्यावरची काकू आली. तिच्या भाचीला कोट हवा होता, पण भाची परगावी, माप कुठून आणणार. "तिच्या साखरपुड्याचा झगा तूच शिवला होतास की, पण त्याला सहा वर्षं झाली," काकू म्हणाली.

"छाती चौतीस, बाही एकवीस," बायको सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. "डावा खांदा अर्ध्या बोटाने उतरता आहे तिचा. जाड झालीय का?"

"नाही, तशीच आहे."

"मग आणा कापड."

मी पेनाला टोपण लावलं.