विसाचा पट

"अठरा पोरांसाठी शाळा चालवणं परवडत नाही," शिक्षण खात्याचे साहेब फाइल मिटत म्हणाले. "विसाचा पट नसेल तर सहावी ते आठवी बंद. मुलांनी धरणापलीकडच्या शाळेत जावं. आणि निकाल तर बघवत नाही."

म्हशीवाली काकू व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिची पोर सातवीत. धरणापलीकडं जायचं म्हणजे दोन तासांची पायपीट, अन् तीही निर्जन वाटेनं. कोण पाठवणार पोरींना? घरीच बसणार त्या.

"निकाल बघवत नाही?" ती कडाडली. "तीन वर्गांना एकच मास्तर! एका वर्गाला शिकवतो तोवर दोन वर्ग भिंतीकडं बघतात. पेराल काय नि उगवेल काय?"

"शांत व्हा," शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले. "नियमापुढं आपलं काय चालतंय?"

"तुमचे सहावी-आठवीतले दोन नातू कुठं शिकतात हो, अध्यक्ष?"

सगळ्या माना वळल्या. अध्यक्षांच्या सुनेनं पदराआड तोंड लपवलं.

"शहरात," ते पुटपुटले. "इथं शिकवणं धड नाही म्हणून..."

"म्हणजे शाळा वाईट म्हणून तुमची पोरं नाहीत, आणि पोरं नाहीत म्हणून शाळा बंद! खुर्ची तेवढी गोड लागते होय?"

अध्यक्ष तरातरा निघून गेले. साहेबांनी पट भरायला चार दिवसांची मुदत दिली.

गावातलं दूध अध्यक्षांच्याच केंद्रावर जायचं. दुसऱ्या दिवशी काकू तिथं गेली, पण किटली रिकामी घेऊन. मागं अकरा बायका, त्यांच्याही किटल्या रिकाम्या.

"दूध कुठाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"घरी विरजण लावलंय. तुमचा आमच्या शाळेवर भरवसा नाही, आमचा तुमच्या मापावर नाही."

"अगं, टँकर रिकामा जाईल!"

"पोरांचे तास रिकामे गेले, तेव्हा नाही काही वाटलं?"

दोन दिवस टँकर तसाच परतला. तिसऱ्या दिवशी सूनच दोन्ही पोरांचे हात धरून शाळेत आली. "मामंजींना काय म्हणायचंय ते म्हणू देत," ती काकूला म्हणाली. "ती शहरातल्या शाळेची गाडी मुलांना अंधारात नेते नि अंधारात आणते. माझी मुलं मला दिवसा दिसत नाहीत."

मास्तरांनी पटावर दोन नावं लिहिली. चौथ्या दिवशी साहेबांनी येऊन शिक्का मारला. अध्यक्ष लगोलग उभे राहून शाळा आपण कशी वाचवली ते सांगू लागले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

काकूनं वाजवल्या नाहीत. साहेब निघाले तशी तिनं टेबलावरची फाइल उचलली.

"पट झाला. आता दुसऱ्या मास्तराचं लिहा."

"बाई, ते वरच्यांच्या हातात आहे."

"मग वर फोन लावा," म्हणत तिनं फाइल जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर मांडी घालून बसली. "माझ्या म्हशींच्या धारा पोरीनं काढल्यात. मला घाई नाही."