डोंगर चढलेला पाट

"तीस वर्सां ह्या पाटाच्या पाण्यार भात पिकवन खाल्लंस, आणि पाट खंय आसा ता कागदार दाखवूक येणा नाय तुका?"

शेवंती अंगणातून नवऱ्यावर, बाबलीवर, अशी कडाडली की माझ्या परड्यातल्या कोंबड्या वईच्या कुंपणाखाली शिरल्या. मी शेजारी. दुसऱ्याच्या भांडणात मी तोंड घालत नाही, पण कान काही झाकून ठेवता येत नाहीत.

बाबली पंचायतीतून नुकताच आला होता. पायातल्या चपलासुद्धा अजून काढल्या नव्हत्या.

"माका कित्या खातंस? सायबान इचारल्यान, नकाशो खंय? मी म्हटलंय, नकाशो कित्याक होयो, येवन पाट बघा. तर म्हणता, कागदार नाय ता नाय."

भानगड अशी होती. मोप्याला विमानं उतरायला लागल्यापासून आमच्या डोंगरावर पैसेवाल्यांची नजर उतरली. भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, काजू लावलेली भरड डोंगरउतारावर आहे, ती एका बाहेरच्या कंपनीने घेतली आणि बंगल्यांसाठी कुंपणाची भिंत आखली. आमची झर, म्हणजे पाण्याचा झरा, त्या भरडीच्या वर. झरीचा पाट भरडीतून येतो, बाबलीचा धाकटा भाऊ हरी याच्या परड्यातून जातो आणि शेवंतीच्या वायंगणात, म्हणजे हिवाळी भाताच्या शेतात पडतो. कंपनीच्या कागदावर झर होती, पण पाट नव्हता. साहेब सोमवारी पाहणीला येणार होते. तोवर नकाशा दिला नाही तर भिंत सरळ पाटावरून जाणार होती. शेवंतीचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, वीतभर उंच झाला होता. त्या आठवड्यात पाणी मिळालं नाही तर तो गुरांपुढे टाकायचा, दुसरं काही नाही.

"आई, नकाशो मी करतंय," घरातून सून म्हणाली. गौरवी साखळीच्या शाळेत भूगोल शिकवते. सातवा महिना लागल्यामुळे रजेवर घरी होती. "क्यूजीआयएस म्हणान सॉफ्टवेअर आसा. फुकट मेळता."

"फुकट?" बाबली म्हणाला. "मगे त्यात कायतरी खोट आसतली."

"खोट नाय. पण पाटाच्या काठान कोणीतरी मोबायल घेवन चलूक होयां. चलशात तशी रेघ पडतली."

गौरवीला त्या अवस्थेत निसरड्या काठावरून कोण सोडणार? फोन बाबलीच्या खिशात गेला. झरीपासून शेतापर्यंत तो चालला आणि मोठा पराक्रम करून आल्यासारखा सोप्यावर बसला. गौरवीने रेघ लॅपटॉपवर घेतली. रेघेखाली आकाशातून काढलेला आमच्या वाडीचा फोटो होता. बाबलीला आपलं घर सापडलं.

"गे शेवंते, ही आमची न्हाणी! तुजी लुगडीय दिसतत!"

"माजी लुगडी ऱ्हवांदे. पाट खंय?"

पाट होता. झरीपासून निळी रेघ खाली आली, भरडीतून गेली, आणि हरीच्या वईपाशी एकदम उजवीकडे वळून डोंगर चढली. वर जाऊन मोठं वळण घेऊन पुन्हा उतरली आणि शेतात पडली.

"बाबा," गौरवी हळूच म्हणाली, "हयसर पाणी डोंगर चडला."

बाबली पडद्याकडे बघतच राहिला. त्याने काही मुद्दाम केलं नव्हतं. अकरा वर्षं तो हरीच्या वईपर्यंत आला की त्याचे पाय आपोआप वर वळत. वईच्या अलीकडचा आणि पलीकडचा पाट तो साफ करायचा आणि मधला हरी करायचा. दोघांत शब्द नाही.

आता अबोल्याचं कारणही सांगतो, हसू नका. अकरा वर्षांमागे चवथीला थोरल्या काकांच्या घरी गणपतीवरची माटोळी बाबलीने बांधली होती. फळं, कणसं, सगळं लटकवलेलं. ऐन आरतीत त्यातलं पपनस सुटलं ते हरीच्या टाळक्यात. हरी म्हणाला, मुद्दाम सैल बांधलं. बाबली म्हणाला, डोकं मधे कोणी घातलं? झालं! त्यानंतर दरवर्षी दोघे त्याच गणपतीपुढे उभे राहून आरती ओरडतात आणि एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत.

"गौरवी, तूच ती रेघ सरळ कर," बाबली म्हणाला.

"कशी करू? फोटोत थंय पोफळीचीं झावळांच दिसतत. मनान काढली तर ती खोटी जातली."

"मगे आसांदे. पाणी नाय मेळला तरी चलात, पण त्येच्या परड्यात मी पाय ठेवचंय नाय."

शेवंतीने फोन उचलून त्याच्या खिशात घातला. मग म्हणाली, "तरवो सुकलो, तर वर्सभर तुजो अबोलो शिजवन वाडीन तुका. फोडणी देवन."

रविवारी सकाळी बाबली हरीच्या परड्यात शिरला. हरी विहिरीपाशी म्हशीला धूत होता. मी पोफळीआड उभा होतो. बघायला नव्हे, सुपारी वेचायला.

बाबली थांबला आणि खिशाकडे बघून म्हणाला, "मोबायला, सांग कोणाक तरी, मी पाट मोजूक इलंय. कोणाचां घर बघूक नाय."

हरीने म्हशीच्या पाठीवर पाणी ओतलं. "मोबायला, तूय सांग त्येका, पाट साप आसा. अकरा वर्सां मी साप करतंय. आजून कोणी बरां केलंस म्हणूक नाय."

"मोबायला, इचार, पपनस मुद्दाम सोडल्यान म्हणान गावभर कोणी सांगल्यान?"

"मोबायला, टेंगूळ कोणाच्या डोक्यार इलां, ता पयलां इचार!"

असा अर्धा तास गेला. बाबली तावातावाने विहिरीच्या या बाजूला चार पावलं जाई, त्या बाजूला सहा पावलं येई, तेवढ्यात हरी तिकडून तोंड फिरवी. शेवटी हरीची बायको भागीरथी चहा घेऊन आली आणि तिने दोन कप विहिरीच्या कठड्यावर ठेवले.

"एक आमच्या ह्येंचो," ती म्हणाली. "दुसरो मोबायलाचो."

मोबाइलचा चहा बाबली प्यायला आणि पुढे चालू लागला.

गौरवीने रात्री नकाशा पुरा केला. पाट निळा, भिंत तांबडी, झरीला ठिपका, वर गावाचं नाव, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, खाली मापाची पट्टी. सोमवारी उजाडता शेवंती पेडण्याच्या बाजारात गेली आणि सुनेने पढवलं होतं तसं दुकानदाराला म्हणाली, "आसा त्याच मापान छाप. कागदार बसवूक म्हणान ताणू नको, माप बिघडता." दुकानदाराने मुकाट्याने छापलं.

पण लॅपटॉपवर जे मुंगीएवढं दिसत होतं ते कागदावर नीट दिसलं. हरीच्या परड्यात निळ्या रेघेचा पिंजून ठेवल्यासारखा गुंता झाला होता.

साहेब हरीच्या परड्यात उभे राहून नकाशा बघत होते. त्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "इथे काय आहे? तळं?"

गौरवी लाजली. शेवंती म्हणाली, "थंय दोन म्हातारे अडाकले होते, सायबा."

कंपनीचा मॅनेजर तेवढ्याचीच वाट बघत होता. "पाहा साहेब, हा माणूस कसा चालला त्याचा नकाशा आहे. पाणी असंच जातं याला पुरावा काय? पाट कधीचा मेलाय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मला बाराला दुसरीकडे जायचंय. पाणी येतं का ते आत्ता दाखवा."

साहेबांसमोर पाणी सोडून दाखवायचं म्हणून बाबलीने ते झरीपाशी अडवून धरलं होतं आणि तो वर बसला होता, खालून हाक आली की सोडायला. गौरवीने फोन लावला. लागेना. शेवंतीने हाक मारली, पण तीन दिवस बाबलीशी भांडून तिचा घसा बसला होता. मी ओरडलो. माझा आवाज बांबूच्या बेटापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

मग सगळ्यांनी हरीकडे बघितलं. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं हरी घालतो. त्याचा आवाज नदीपलीकडे जातो, हे सगळ्या गावाला ठाऊक.

हरी म्हशीकडे बघत म्हणाला, "मोबायलाक सांगा."

"काका," गौरवी म्हणाली, "थंय रेंज नाय."

शेवंती हरीकडे बघत होती. काही मागत नव्हती, नुसती बघत होती. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं. वर्षाचं भात त्या एका हाकेवर येऊन थांबलं होतं.

हरीने कानावर हात ठेवला. "दादाऽऽऽ! रे दादाऽऽऽ! पाणी सोऽऽऽड!"

पोफळीवरचे कावळे उडाले. थोड्या वेळाने झुडपं मोडत, धोतराला काटे चिकटलेला बाबली धापा टाकत परड्यात येऊन थडकला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालां? कोण गेलो?"

"कोण नाय गेलो," हरी म्हणाला. "पाणी सोडूक सांगलंय."

"मेल्या, तू हाक मारलंस म्हणान मी..." बाबलीने धोतराचा एक काटा उपटून फेकला. "पाणी सोडलंय. फाटसून येता."

आणि पाणी आलं. पाचोळा ढकलत, निळ्या रेघेने दाखवलं होतं तिथूनच आलं आणि मॅनेजरच्या बुटांखालून पुढे गेलं. साहेब नकाशावर बोट ठेवून पाण्याबरोबर शेतापर्यंत चालत गेले. तिथे बांधावर उभ्याउभ्याच त्यांनी लिहिलं की भिंतीत पाटापुरती वाट सोडावी, पाटाला हात लावू नये. खाली सही केली आणि नकाशा आपल्या फाइलला लावून घेतला.

दोघे भाऊ मागून आले होते. एक डोळे पुसत होता आणि दुसरा डोळ्यात कचरा गेल्याचं सांगत होता.

"रडाचां मागीर करा!" शेवंती बसल्या घशाने ओरडली. "आदी बांध फोडा, पाणी वाटेर चल्लां!"

खोरं एकच होतं. ते दोघांनी एकदम धरलं.

"सोड, तुका बांध फोडूक येणा नाय."

"माका येणा नाय? तुकाच लानपणात मी शिकयल्लंय!"

अकरा वर्षांचं साठलेलं सगळं तिथे बांधावर बाहेर पडायला लागलं, तेही अगदी समोरासमोर. शेवंतीने दोघांच्या हातातलं खोरं हिसकावलं, दोन घावांत बांध फोडला आणि पाणी आपल्या शेतात घेतलं.